पडद्यापलीकडची जागा

मुंबई–हावडा या मुख्य लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस आमगाव सोडले की सालेकसा लागते. पुढे दरेकसा, तेथील बोगदा, हाजरा फॉलचा डोंगर आणि त्यापलीकडे छत्तीसगडातील डोंगरगड. या मार्गावरून दिवसरात्र गाड्या धावतात. त्यांतल्या थोड्याच सालेकसा येथे थांबतात. गावातील एक जुने जैन धान्यव्यापारी आहेत. लहानथोर सारे त्यांना काकाजी म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकीजी. काकाजींचे बालपण या न थांबणाऱ्या गाड्या पाहण्यात गेले.

वडिलांबरोबर धानाची पोती पोचवायला स्थानकावर गेले की मुलाची नजर पोत्यांवर नसे, रुळांकडे असे. मेल गाडी धडधडत निघून जाई. तिच्यात प्रथम वर्गाचा एक डबा असे. त्याच्या खिडकीतून फिरता पंखा क्षणभर दिसे, पाय लांब करून वर्तमानपत्र वाचणारा एखादा साहेब दिसे, आणि डबा निघून जाई. मुलगा वडिलांना विचारी, “आपण त्यात कधी बसायचं?” वडील पोती मोजता मोजता उत्तर देत, “भाडं पोचण्याचं द्यावं, बसण्याचं नव्हे.”

हे वाक्य काकाजींनी पुढे जन्मभर पाळले. व्यापार वाढला, आमगाव आणि गोंदियाच्या गिरण्यांशी व्यवहार जमला, नागपूरच्या बाजारात नाव झाले. पण तिकीट नेहमी सर्वांत स्वस्त वर्गाचे. रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द केला, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. डब्यावरचा आकडा बदलला आणि बाक तेच राहिले, असे त्यांचे त्या वेळचे मत होते. मात्र १९७७ च्या डिसेंबरात गीतांजली एक्सप्रेस याच रुळांवरून धावू लागली, तेव्हा ते मित्रांबरोबर मुद्दाम गोंदियाला गेले. त्या गाडीत प्रथम वर्गच नव्हता. सारे प्रवासी एकाच वर्गाचे. रेल्वेमंत्री होते मधु दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी बसवणारे तेच. वरच्याला खाली न ओढता खालच्याला थोडे वर उचलता येते, हे त्या दोन इंचांनी काकाजींना पटवले. त्यानंतर प्रथम वर्गाचे वेड मनातून गेले असे त्यांना वाटत होते.

ते पुरते गेलेले नव्हते. गेल्या वैशाखात ते वर आले, आणि तेही विमानाच्या निमित्ताने.

धाकटी लेक लंडनमध्ये हॅरो भागात राहते. तिचे पहिले बाळंतपण जवळ आले होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही घरची रीत. पण लेकीला प्रवास करता येत नव्हता, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जावे असे ठरले. अडचण होती काकाजींच्या गुडघ्याची. नागपूरला शस्त्रक्रिया होऊन काही महिने झाले होते, तरी पाय फार वेळ दुमडून बसणे त्यांना जमत नव्हते. जावई कामानिमित्त सतत विमानाने फिरतात. त्यांच्या खात्यावर प्रवासाचे गुण साठले होते. त्या गुणांत प्रथम वर्गाचे एक तिकीट बसत होते, दोन नव्हे. त्यांनी सासऱ्यांसाठी पुढची जागा घेतली आणि सासूबाईंसाठी मागच्या साध्या वर्गातली.

काकाजींनी कुतूहलाने पुढच्या जागेचे रोख भाडे विचारून घेतले, त्याचा धानाच्या क्विंटलांत हिशेब मांडला आणि तो काकीजींना ऐकवला. काकीजींनी कानांवर हात ठेवले. “मी मागे बसले तर काय झालं? विमान तर तेच ना?” एवढे बोलून त्या खाकऱ्याचे पीठ मळायला गेल्या. गोष्ट तिथेच संपली. ती इतक्या सहज संपली याचेही कुणाला काही वाटले नाही.

गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या तिथल्या धावपट्टीवरून १३ मार्च २०२२ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा काकाजी नातवंडांना घेऊन विमान पाहून आले होते. पण मुंबई गाठायची ती विदर्भ एक्सप्रेसनेच, हा घरचा परिपाठ. वातानुकूलित डब्यात एक खालचा आणि एक मधला असे दोन बर्थ मिळाले. खालचा अर्थातच गुडघ्याकडे गेला. पासष्टीला आलेल्या काकीजी साडीचा काचा खोचून मधल्या बर्थवर चढल्या. वर्धा येईपर्यंत काकाजींना झोप लागली होती.

मुंबईहून विमान दुपारी दीडच्या सुमारास सुटणार होते. विमानाच्या दाराशी हवाई सुंदरीने दोघांची तिकिटे पाहिली, नम्रपणे हसली, काकाजींना डावीकडे हात दाखवला आणि काकीजींना उजवीकडे. खाकऱ्याचा डबा कुणाकडे असावा यावर दोन क्षण विचार झाला. डबा काकीजींकडे राहिला. मागून लोक येत होते. अधिक बोलायला सवड नव्हती.

डावीकडच्या त्या दालनात जेमतेम आठ आसने होती. प्रत्येकाला कमरेइतकी भिंत, बाजूस छोटे मेज, आणि कळ दाबताच आसनाचा पलंग होई. काकाजींनी कळ दाबली. पाय हळूहळू वर आले, गुडघा सरळ झाला, आणि कित्येक महिन्यांनी त्यातली कळ पूर्णपणे थांबली. लहानपणी पाहिलेला पंखा आठवून त्यांना हसू आले. साहेब जसा पाय पसरून बसे तसे आज तेही बसले होते. फक्त पाहायला फलाटावर कुणी नव्हते.

आदरातिथ्यात काही उणे नव्हते. मद्य आले, ते त्यांनी हात जोडून नाकारले आणि उकळून कोमट केलेले पाणी मागितले. पाच मिनिटांत ते चांदीसारख्या झळकत्या किटलीतून आले. साबण, तेल, कंगवा असलेली एक सुबक पिशवी मिळाली. ती चामड्याची असावी अशी शंका आल्याने तीही त्यांनी परत दिली. त्या मुलीने कारण समजून घेतले आणि त्याच वस्तू कापडी रुमालात बांधून आणल्या. विमान कंपन्यांच्या जगात जैन भोजनाला स्वतःची इंग्रजी चार अक्षरांची खूण आहे, व्ही.जे.एम.एल.; ती तिकिटावर नोंदवली की कांदा, लसूण आणि कंदमुळे टाळलेले जेवण मिळते. काकाजींसमोर पांढरे कापड अंथरले गेले, चिनी मातीची ताटली आली. त्यांनी सवयीप्रमाणे भाताचे शीत दोन बोटांत दाबून पाहिले. तांदूळ जुना होता, चांगला होता.

जेवताना त्यांच्या मनात आले की मागेही तेच जेवण गेले असेल. ती खूण दोन्ही तिकिटांवर होती. तांदूळ एकाच गोणीतला असणार, फक्त तिथे तो पातळ पत्र्याच्या डबीत आला असेल. हा विचार आला आणि गेला. समोर फळे आली होती.

विमानप्रवासात सुरुवातीपासून असे वर्ग नव्हते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा या मार्गे लंडनला निघाले, त्या काळच्या विमानांत बहुधा एकच वर्ग असे. तेव्हा विमानात बसणे हेच मोठेपण होते. १९५२ मध्ये अटलांटिक महासागरावरील विमानांत स्वस्त भाड्याचा ‘टुरिस्ट’ वर्ग रीतसर सुरू झाला, आणि मग पूर्वीच्या त्याच जागांना ‘प्रथम’ म्हणण्याला अर्थ आला. मागे कुणी बसू लागले, म्हणून पुढचा पहिला झाला. विमानांनी हे विसाव्या शतकात शिकून घेतले. घरांना ते फार आधीपासून ठाऊक होते.

पाच तास गेले. काकाजींचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा मनगटावरचे घड्याळ साडेसहा दाखवत होते. ते भारतातल्या वेळेवरच होते. खिडकीबाहेर मात्र लखलखीत ऊन. पश्चिमेकडे जाणारे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने सूर्याचा पाठलाग करीत असते, त्यामुळे दिवस लांबत जातो. सालेकसा येथे या वेळी पाखरे परतू लागली असतील. काकाजींना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. काय चुकले ते काही क्षणांनी ध्यानात आले. रोज या सुमारास काकीजी दुकानाच्या आतल्या दारात येऊन म्हणतात, “अहो, दिवस मावळतोय. पाणी घेऊन घ्या.” काकाजींचा चौविहार गेली कित्येक वर्षे या एका हाकेवर चालला आहे. सूर्य किती वाजता मावळतो हे त्यांना कधी पंचांगात पाहावे लागले नव्हते. आज पाच तासांत “काय आणू” असे त्यांना अनेकदा विचारले गेले. आठवण मात्र कुणी करून दिली नव्हती.

ते उठले, काठी घेतली आणि पडदा सारून मागे निघाले.

मधला एक वर्ग ओलांडला, दुसरा पडदा आला, आणि त्यापुढे एकदम दाटी. काकीजी मधल्या रांगेत मधल्या आसनावर होत्या. त्यांच्या मांडीवर पाच-सहा महिन्यांचे एक मूल झोपले होते. ते शेजारच्या पंजाबी तरुणीचे होते. ती हात मोकळे झाल्याने स्वस्थपणे जेवत होती. दुसऱ्या बाजूला शिकायला निघालेला नाशिकचा एक मुलगा खाकरा खात होता. काकीजींच्या पायाखाली पिशवी होती आणि तिच्यावर टेकलेली पावले सुजून चपलेबाहेर आली होती.

“तू चौविहार केलास?” काकाजींनी विचारले.

“आता करते. घरच्या घड्याळानं.”

“बाहेर तर ऊन आहे.”

“असू दे. तिकडं सून आता दिवा लावत असेल.” त्यांनी हळूच हात लांबवून पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली. “तुम्ही आधी घ्या.”

जेथे आपण असू तेथला सूर्य मोजावा की घरचा, हा प्रश्न एरवी काकाजींनी चवीने चघळला असता. त्या वेळी त्यांना तो सुचला नाही. त्यांची नजर सुजलेल्या पावलांवर खिळली होती. ही पावले ते प्रथमच पाहत नव्हते. लग्नसराईच्या गर्दीत गोंदियाहून पॅसेंजरने येताना बाकावर ते बसत आणि काकीजी दाराशी बिछान्याच्या वळकटीवर. तेव्हाही ही पावले होती. काल रात्री मधल्या बर्थची शिडी चढताना तीच होती. घरी पहिला गरम फुलका त्यांच्या ताटात पडतो आणि शेवटचा, गार झालेला, काकीजींच्या. उन्हाळ्यात कूलरसमोरची खाट त्यांची. सकाळचे वर्तमानपत्र आधी त्यांचे. ४४ वर्षांत या जागा कुणी ठरवल्या नव्हत्या, कुणी तिकीट काढले नव्हते, कुणी तक्रारही केली नव्हती. जावयाने दोन तिकिटे काढली तेव्हा कोणते कुणाचे, हे विचारावे असे म्हणूनच कुणाच्या मनात आले नाही. गुडघा हे कारण खरे होते. पण गुडघा दुखू लागण्याआधीही जागा याच होत्या.

ते पुढे गेले आणि त्यांनी विमानातील प्रमुख सेविकेला गाठले. आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी विनंती केली, की उरलेल्या वेळेत आपल्या जागी पत्नीने बसावे आणि आपण तिच्या जागी. तिने त्यांच्या काठीकडे पाहिले, गुडघ्याचे विचारले. मग आतल्या फोनवर कुणाशी बोलून म्हणाली, की विमान उतरायला लागण्यापूर्वी दोघांनी आपापल्या जागी यावे. तोपर्यंत हरकत नाही.

खरी अडचण पुढेच होती. काकीजी तयार होईनात. “मला इथं काय कमी आहे? तुमचा पाय दुखेल. हे लेकरू उठेल.” काकाजींनी आयुष्यभर भाव ठरवले होते, घासाघीस केली होती, पण हा सौदा त्यांना जमेना. शेवटी त्या पंजाबी तरुणीने मूल अलगद उचलून घेतले आणि हिंदीत म्हणाली, “माताजी, जाऊन या. दोन तास मी सांभाळते की.” आपल्याच मुलाला सांभाळण्याचे हे आश्वासन ऐकून काकीजींना हसू आले आणि त्या उठल्या. जाता जाता औषधाची गोळी काढून पतीच्या हातात ठेवायला विसरल्या नाहीत.

पुढचे तीन तास काकाजी त्या मधल्या आसनावर बसले. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला गुडघा ठणकू लागला. पाय पसरायला जागा नव्हती, उठायचे तर नाशिकच्या मुलाला उठवावे लागे. त्यांनी गोळी घेतली नाही. चौविहार झाला होता. पण त्या ठणक्यात त्यांना थोडे बरेही वाटत होते, जुनी उधारी पहिल्यांदा फिटू लागल्यासारखे. मधून मधून मूल किरकिरे आणि तरुणी त्यांच्याकडे पाही. मग काकाजींनी ते आपल्या खांद्यावर घेतले. स्वतःची मुले त्यांनी अशी फारशी घेतली नव्हती. दुकानाचे दिवस होते ते. मूल कसे धरायचे हे त्या अनोळखी मुलीने त्यांना दाखवले.

विमान उतरण्याच्या सूचना होऊ लागल्या तेव्हा काकीजी परतल्या. केस विस्कटलेले, डोळ्यांत गाढ झोप. “कसं होतं?” काकाजींनी विचारले. पलंग, भिंत, किटली, झळझळीत दिवे यांबद्दल त्या काही बोलतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

“ती पोरगी मला तीनदा विचारायला आली,” काकीजी म्हणाल्या. “तुम्हाला काय आणू म्हणून. माझा तर चौविहार. काही घेतलं नाही मी.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पण विचारलं तिनं. आणि झोपले तेव्हा कुणी उठवलं नाही.”

काकाजी यावर काही बोलले नाहीत. ते उठले, ठणकत्या पायाने पुढे गेले आणि आपल्या जागी पट्टा बांधून बसले. बाहेर अजून ऊन होते. घड्याळ मात्र रात्रीचे अकरा दाखवत होते.

लंडनला नात झाली. काकीजींनी सव्वा महिना लेकीला उठू दिले नाही. परतीचा प्रवास पर्युषणाआधी झाला. तिकिटे दोन्ही मागचीच होती, शेजारशेजारची, आणि काकाजींनी आपल्या खर्चाने पाय पसरता येतील अशा रांगेतली घेतली होती. वडिलांचे वाक्य त्यांनी मोडले. बसण्याचे भाडे त्यांनी दिले. फक्त ते दोघांचे दिले.

सालेकसा येथे परतल्यावर दुकानात गर्दी झाली. प्रथम वर्ग कसा असतो हे सर्वांना ऐकायचे होते. काकाजींनी पलंगाची कळ, आठ आसने, उकळलेले पाणी, परत केलेली पिशवी, सारे रंगवून सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. मधल्या तीन तासांविषयी ते काही बोलले नाहीत. ती हकीकत काकीजींकडून बायकांत पसरली आणि तेथून गावभर झाली.

घरात एक लहानसा बदल झाला. दुपारी जेवायला बसल्यावर सुनेने पहिला फुलका काकाजींच्या ताटात वाढला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. सुनेला वाटले, फुलक्यात काही उणे राहिले. तिने पीठ बदलून पाहिले. तिसऱ्या दिवशी काकाजी म्हणाले, “तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांना काय वाढू.”

काकीजी ओट्याशी उभ्या होत्या. “मला काय विचारायचं? मी नंतर बसते,” त्या म्हणाल्या.

“नंतर नको,” काकाजी म्हणाले, आणि थांबले. फुलका गार होत होता. चौघांच्या घरात कुणालाच पुढे काय करावे ते सुचेना. मग सुनेने दुसरा पाट आणून शेजारी मांडला.